पायताण, बूट आणि जात

डोंगर चढण्याचे बूट तयार करणाऱ्या एका कंपनीत मी गेली सतरा वर्षे काम करीत आहे. कंपनीचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. मी जे सांगणार आहे ते एका कंपनीपुरते खरे नाही. मागे एका अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, 'सर, तुम्ही जन्माने चर्मकार. तुम्ही शिकलात, पदविका घेतलीत आणि पुन्हा चपलांच्याच धंद्यात गेलात. मग शिक्षणाने काय बदलले?' प्रश्नात कुत्सितपणा नव्हता, म्हणूनच तो जिव्हारी लागला. त्या दिवशी मी काहीतरी थातूरमातूर बोलून वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे. त्यासाठी बूट कसा तयार होतो, तो कोण तयार करतो आणि तो घालून कोण चालतो, या तिन्ही गोष्टी क्रमाने सांगाव्या लागतील.

१. बूट कसा तयार होतो

बुटाची सुरुवात कातड्यापासून होत नाही, फर्म्यापासून होते. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा. आमच्या आप्पांकडे लाकडाचे फर्मे होते. कारखान्यात ते प्लास्टिकचे असतात. पंजाची रुंदी, चवड्याचा घेर, टाचेची उंची हे सारे फर्म्यात ठरते. पुढे कितीही भारी कातडे वापरा, फर्मा चुकला की बूट चावणारच. आमच्याकडचे बहुतेक फर्मे युरोपातील गिऱ्हाइकांच्या पायांवर बेतलेले आहेत. लहानपणापासून अनवाणी वाढलेला पाय पंजात रुंद होतो, त्याची बोटे मोकळी पसरतात. आमच्या कारखान्यातील बायाबापड्यांचे पाय असेच आहेत. त्यांनी तयार केलेल्या बुटात त्यांचाच पाय नीट बसत नाही. हा फरक मिलिमीटरमध्ये मोजून दाखविता येतो.

फर्म्यानंतर कापणी. पोलादी साचे कातड्यावर ठेवून यंत्राने दाब देतात. येथे नजर लागते. जनावराच्या पाठीचे कातडे दाट असते, पोटाचे सैल. पाठीचा तुकडा चवड्यावर घ्यायचा, पोटाचा आत लपवायचा. गोचिडांचे वण, काट्यांचे ओरखडे, जू घासून पडलेले घट्टे, सगळे चुकवीत साचा मांडावा लागतो. मग तुकड्यांच्या कडा तासून पातळ करतात आणि शिवणविभागात बायका ते जोडतात. तयार झालेला हा वरचा भाग वाफेने मऊ करून फर्म्यावर ताणून बसवितात. त्याची खालची कड यंत्राने खरवडतात, म्हणजे चिकटद्रव्य धरते. वरच्या भागाला आणि तळव्याला चिकटद्रव्य लावून, ते उष्णतेने जागे करून, दोन्ही काही सेकंद दाबाखाली ठेवतात. थंड झाल्यावर फर्मा काढतात. बूट तयार होतो.

डोंगरातल्या बुटाचा तळ ही वेगळीच विद्या आहे. पूर्वी गिर्यारोहकांच्या बुटांना लोखंडी खिळे ठोकलेले असत. १९३५ साली इटलीतील आल्प्समध्ये हवामान बिघडून विताले ब्रामानी यांचे सहा सहकारी मरण पावले. त्या मृत्यूंना अपुरी पादत्राणेही कारण होती. त्यातून ब्रामानी यांनी खोल खाचांचा रबरी तळ तयार केला आणि १९३७ साली त्याचे पेटंट घेतले. आज जगभर दिसणाऱ्या खाचखळग्यांच्या तळव्यांचे मूळ तेथे आहे. सहा माणसे मेली तेव्हा त्यांचा समाज बुटाचा विचार करू लागला. आपल्याकडे गटारात माणसे मरतात, आणि त्यांच्या पायांत गमबूट आहेत की नाहीत हे पाहायला आजही कोणी थांबत नाही.

बुटाला आणखी एक मधला थर असतो. तो पाय उचलून धरतो, धक्का झेलतो. तो बहुधा पॉलियुरेथेन या फेसाळ पदार्थाचा असतो. हवेतील ओलाव्याने हा पदार्थ हळूहळू कुजतो. त्यामुळे कपाटात जपून ठेवलेला, दिसायला नवाकोरा बूट काही वर्षांनी डोंगरावर पाऊल टाकताच भुगा होऊन सुटतो. अशा तक्रारी तपासणे हे माझ्या कामांपैकी एक. अशी एक जोडी मी एकदा घरी नेऊन आप्पांना दाखविली. त्यांनी ती उलटीपालटी केली आणि विचारले, 'ह्याला टाका कुठं हाय?' मी म्हणालो, 'नाही आप्पा, चिकटवलेला असतो.' ते म्हणाले, 'मग फाटल्यावर शिवायचं कुठनं?' सतरा वर्षांत कंपनीच्या कोणत्याही बैठकीत मी याहून नेमका तांत्रिक प्रश्न ऐकलेला नाही.

आप्पांचे पायताण, म्हणजे लोक ज्याला कोल्हापुरी चप्पल म्हणतात ते, याच्या अगदी उलट. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवून कमावलेले कातडे. त्याचा तळ, त्याचे कान, त्याचाच अंगठा आणि त्याचीच वेणी. खिळा नाही. टाकासुद्धा कातड्याच्या वादीचा. झिजले की तळ बदला, तुटले की अंगठा बदला. कारखान्यातले कातडे मात्र क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. १८८४ साली ऑगस्टस शुल्ट्झ यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले आणि आठवड्यांचे काम दिवसावर आले. कातडे मऊ झाले, स्वस्त झाले. पण कमावणीचे पाणी कुठे जाते? तमिळनाडूतील पालार नदीच्या खोऱ्यात ते शेतांत आणि विहिरींत गेले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला त्यावर निकाल द्यावा लागला. युरोपने २०१५पासून कातडी वस्तूंत घातक क्रोमियमचे प्रमाण किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित केले. म्हणून आमचा प्रत्येक माल तपासून जातो. परदेशातील गिऱ्हाइकाच्या पायाच्या कातडीला अपाय होऊ नये एवढी काळजी घेतली जाते. ते कातडे ज्याच्या हातांनी कमावले त्याच्या कातडीसाठी अशी तपासणी नाही.

२. वरचा मजला, खालचा मजला

आमच्या कंपनीची इमारत दोन मजली आहे. वर कार्यालय, खाली कारखाना. वर वातानुकूलन, इंग्रजी आणि कॉफी. खाली पंखे, मराठी, हिंदी आणि चिकटद्रव्याचा वास. वरच्या भिंतींवर बर्फाच्छादित शिखरांची चित्रे आहेत. खाली सुरक्षेच्या सूचनांचा फलक आहे आणि तोही इंग्रजीत.

वरच्या मजल्यावर जात नाही, असे सारे म्हणतात. म्हणणारे प्रामाणिक असतात. त्यांना ती दिसत नाही, कारण त्यांच्या पायात ती रुतत नाही. खासगी उद्योगात आरक्षण नाही. भरती ओळखीपाळखीतून होते आणि ओळखी जातीबाहेर फारशा जात नाहीत. त्यामुळे वर कोण आणि खाली कोण, हे कोणी ठरविलेले नसतानाही ठरून जाते. शिवणविभागात, चिकटविण्याच्या टेबलांवर, खरवडण्याच्या यंत्रांवर जी आडनावे आहेत ती आपल्या वस्त्यांतली आहेत, नाहीतर मुसलमान मोहल्ल्यातली.

मी वरच्या मजल्यावर कसा? पदविकेमुळे. आग्र्याला शिकायला गेलो तेव्हा तेथील जाटव कारागिरांनी उभा केलेला बुटांचा धंदा मी पाहिला. त्या वस्त्यांत माणसे आपला धंदा मान खाली घालून सांगत नव्हती. १८ मार्च १९५६ रोजी बाबासाहेबांनी आग्र्यात केलेल्या भाषणाची आठवण तेथील म्हातारी माणसे काल घडल्यासारखी सांगत. तेथे मी ताठ चालायला शिकलो. पण नोकरीला लागलो आणि पुन्हा वाकलो.

कसा वाकलो ते सांगतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी कातड्याचा एक माल आला. कागदावर उत्तम. मी एक तुकडा घेतला, दुमडला, अंगठ्याच्या नखाने दाबला, नाकाशी नेला आणि म्हणालो, 'हे पोटाचे आहे, वर रंगाचा थर देऊन पाठीचे म्हणून खपवलेय.' प्रयोगशाळेच्या अहवालाने दोन दिवसांनी तेच सांगितले. साहेब खूश झाले. त्यांनी सर्वांसमोर विचारले, 'हे कुठे शिकलात?' मी म्हणालो, 'आग्र्याला, संस्थेत.'

खोटे होते ते. सात वर्षांचा असताना आप्पांच्या शेजारी बसून मी ते शिकलो होतो. 'लेका, कातडं नखानं वाचायचं,' हे वाक्य आप्पांचे. त्या दिवशी मला बढतीचा पहिला शब्द मिळाला आणि आप्पांच्या विद्येवर संस्थेचा शिक्का बसला. ब्राह्मण गवयाचा मुलगा आपल्या बापाकडे गाणे शिकलो असे सांगतो तेव्हा त्याला घराणे म्हणतात. मी तेच सांगितले असते तर त्याला जात म्हटले असते. हा फरक समजावा एवढी बुद्धी मला होती, तो मोडण्याचे धैर्य नव्हते.

खालच्या मजल्याविषयी थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे. कार्यकर्त्यांना ते उपयोगी पडेल. चिकटद्रव्यांत आणि ती पातळ करण्याच्या द्रवांत टोल्युइन, हेक्सेन यांसारखी रसायने असू शकतात. हेक्सेनच्या वाफा दीर्घकाळ श्वासात गेल्या तर हातापायांच्या नसा दुबळ्या होतात. मुंग्या येतात, पकड सुटते. बेंझीन असलेल्या चिकटद्रव्यांवर काम करणाऱ्या इस्तंबूलच्या बूटकामगारांत रक्ताचा कर्करोग आढळतो, हे मुझफ्फर अक्सॉय या डॉक्टरांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले. कातड्याची धूळ नाकाच्या कर्करोगाला कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदविले आहे. यांवर उपाय आहेत: पाण्यावर आधारित चिकटद्रव्ये, टेबलाजवळूनच हवा ओढून घेणारी नळी, योग्य हातमोजे, दरसालची तपासणी. यात अशक्य असे काही नाही. खर्च तेवढा आहे, आणि कंत्राटी बाईसाठी तो कोणी करावा, या प्रश्नावर मूळ मालक कंत्राटदाराकडे बोट दाखवतो आणि कंत्राटदार मालकाकडे. १९७०चा कंत्राटी कामगार कायदा आता स्वतंत्र राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. पूर्वी २० कंत्राटी कामगारांना लागू होणाऱ्या तरतुदी आता ५० किंवा अधिक कामगार असतील तरच लागू होतात. लहान लहान कंत्राटदारांत विभागलेल्या आमच्या बाया या आकड्याच्या खाली सहज दडविता येतात.

३. कातड्याची उतरंड

एका बुटात किती जातींचे हात असतात? कारखान्यात आल्यावर हा प्रश्न विसरायला होतो, म्हणून मुद्दाम विचारतो. आपल्या गावगाड्यात कातड्याचे काम एका जातीला दिलेले नव्हते, ते वाटलेले होते. मेलेले ढोर ओढून नेणे महारांच्या माथी मारलेले. कातडे कमावणे ढोरांकडे. त्याचे पायताण करणे, मोट शिवणे चांभारांकडे. दोर, दावी, वाद्या मांगांकडे. प्रदेशागणिक थोडाफार फरक. काम एकच, साखळी एकच. पण प्रत्येक कडीला दुसरीपेक्षा आपण वर आहोत असे शिकविलेले. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती पाहायची असेल तर ग्रंथ उघडण्याची गरज नाही. एक चप्पल हातात घेऊन तिच्या मागे मागे चालत जावे.

येथे मला घरचे उणे सांगितले पाहिजे. माझी आजी ढोरगल्लीतून कमावलेले कातडे आणायची. डोक्यावर घेऊन यायची. पण तिथे कधी पाणी प्यायची नाही. महारवाड्याकडे तर ती पाहतही नसे. आम्हालाही देवळात प्रवेश नव्हता, आम्हालाही वरून पाणी वाढत. पण आपल्या खाली कोणीतरी आहे या समाधानावर आजीची आणि आमच्या अर्ध्या जातीची हयात गेली. ज्या बाराव्या शतकातील हरळय्यांना आमचे लोक पूर्वज मानतात, ते बसवेश्वरांचे अनुयायी होते आणि ढोर कक्कय्याही त्यांच्याच सोबतचे शरण होते. हरळय्यांनी आपल्या मांडीच्या कातड्याचे पायताण करून बसवेश्वरांना अर्पण केले, ही आख्यायिका आमच्याकडे मोठ्या भक्तीने सांगतात. पण त्याच हरळय्यांच्या मुलाचे लग्न ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीशी झाले आणि त्यावरून कल्याण पेटले, हे सांगताना आवाज बारीक होतो. पायताणाची गोष्ट वंदनाची आहे आणि लग्नाची गोष्ट बंडाची. आम्ही वंदन जपले आणि बंड विसरलो.

तरीही उतरंड मोडणारे निघाले. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर चर्मकार समाजातले होते. पां. ना. राजभोज काळाराम मंदिर सत्याग्रहात उभे राहिले. मार्च १९२७च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडा, अपमानाची कामे सोडा असे सांगितले, तेव्हा ते एका जातीला सांगत नव्हते. चळवळ ज्यांनी जातीपलीकडे नेली त्यांत आमचीही माणसे होती, हे आमच्या मुलांना माहीत नाही आणि इतरांच्या मुलांनाही नाही.

४. पायात घालण्याचा अधिकार

पादत्राणे करणारा समाज पादत्राणे घालू शकत नव्हता, हा आपल्या संस्कृतीचा विनोद आहे. वरच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्यायच्या, हा नियम देशाच्या कित्येक भागांत पाळला गेला. ज्याने चप्पल शिवली त्यानेच ती डोक्यावर धरून रस्ता ओलांडायचा.

ही जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणेल. त्याने अत्याचार प्रतिबंधक कायदा वाचावा. १९८९च्या या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६पासून लागू झाली. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक जागी पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यास अटकाव करणे, हा त्यात स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरविला आहे. त्याला चपलांचा हार घालणे हा गुन्हा आहे. त्याला जनावराचे प्रेत उचलायला लावणे हाही गुन्हा आहे. एकविसाव्या शतकात संसदेला हे लिहावे लागले, कारण हे घडत होते. आणि दुरुस्ती लागू होऊन सहा महिनेही झाले नव्हते, तोच ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारहाण झाली. म्हणजे कातडे काढायला लावायचेही यांनी आणि काढले म्हणून मारायचेही यांनी. त्यानंतर उभ्या राहिलेल्या आंदोलनाने, मेलेली जनावरे तुमची तुम्ही पाहा आणि आम्हाला जमीन द्या, अशी मागणी केली. ती मागणी मला महाडच्या हाकेचे पुढचे पाऊल वाटते. काम सोडा एवढेच सांगून पोट भरत नाही. काम सोडताना हातात काय येणार, हेही विचारावे लागते.

महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६च्या कायद्याने बंदी होतीच. २०१५ साली बैल आणि वळूही त्यात आले. बंदीचे समर्थक धर्माचे बोलले, विरोधक खाण्याच्या स्वातंत्र्याचे बोलले. आप्पांचे कोणी बोलले नाही. त्यांना कातडे पुरविणारा मुसलमान व्यापारी वर्षभरात धंदा बंद करून गेला. कायद्यात बसणारे म्हशीचे कातडे नेतानाही वाटेत गाडी अडविली जाण्याची भीती होती. आप्पांचे हात थांबले ते यंत्रामुळे नव्हे, हेही नोंदवून ठेवतो.

५. राजगडाच्या पायथ्याशी

आमच्या कंपनीत दर पावसाळ्यानंतर सर्वांनी मिळून गडावर जाण्याची पद्धत आहे. 'आपला बूट आपण घालून पाहावा' हा त्यामागचा विचार. तो चांगलाच आहे. सर्वांनी म्हणजे वरच्या मजल्याने. खालच्या मजल्याला त्या दिवशी जादा पाळी असते.

सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही राजगडाला गेलो. पहाटे गुंजवण्यात उतरलो. बारा-पंधरा हजारांच्या जोड्या आमच्या पायांत. चोरदरवाजाच्या वाटेने वर चढताना आमचे एकेक गडी बसू लागले आणि डोक्यावर ताकाची बरणी घेतलेली एक बाई रबरी सपाता घालून आमच्या पुढे निघून गेली. सर्वांनी तिचे कौतुक केले. मी तिच्या टाचांच्या भेगा पाहत होतो. डोंगर आमच्यासाठी सुट्टी होता, तिच्यासाठी तो कामावर जाण्याचा रस्ता होता. ज्याला रोज डोंगर चढावा लागतो त्याच्यासाठी बूट करावा, असे आमच्या एकाही बैठकीत कोणाच्या मनात आले नव्हते. माझ्याही नव्हते.

उतरून आलो. ज्या घरी पिठले-भाकरी सांगितली होती तेथील म्हातारबा ओसरीवर आपली तुटकी चप्पल तारेने बांधत बसले होते. मी सहज म्हणालो, 'बाबा, तार पायाला लागेल.' ते म्हणाले, 'मग काय करू बाळा? गावात आता टाका घालणारं कुणी ऱ्हायलं न्हाई.'

माझ्या पिशवीत आरी होती. तपासणीच्या कामासाठी ती नेहमी असते. मी खाली बसलो. चप्पल मांडीत घेतली. दोन टाके घातले आणि तिसरा घालताना कळले की सगळे गप्प झाले आहेत. एका सहकाऱ्याने विचारले, 'हे तुला कसे येते?' नऊ वर्षांपूर्वीचा तोच प्रश्न. या वेळी मी म्हणालो, 'माझे वडील पायताण करतात. आम्ही चांभार.'

आकाश कोसळले नाही. म्हातारबांनी पाणी दिले. सहकाऱ्यांपैकी दोघांनी पाठीवर हात ठेवला, एकाने विषय बदलला. पुढे कार्यालयात काही बदलले का? थोडे बदलले. माझ्या मतात काही जणांना 'जातीचा मुद्दा' दिसू लागला. पण दुसऱ्या आठवड्यात शिवणविभागातील एक बाई जिन्यात थांबली आणि म्हणाली, 'दादा, आमच्या टेबलावरचा पंखा वास तोंडावरच आणतो. तुम्ही सांगून बघा की वरती.' ती मला दहा वर्षे साहेब म्हणत होती. तिने सांगितले म्हणून मी टिपण लिहिले, मोजमापे जोडली, तीनदा परत आले, चौथ्यांदा मंजूर झाले. आज त्या टेबलांवर हवा ओढून घेणाऱ्या नळ्या आहेत. एवढेच. पण ते माझ्या सतरा वर्षांतील सर्वांत उपयुक्त काम आहे.

६. वारसा कोणाचा?

जून २०२५मध्ये मिलान येथे प्रादा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या पोशाखांच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला दाखविल्या. कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. ओरड झाली, तेव्हा या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीत असल्याचे कंपनीने मान्य केले. वर्षअखेर डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे बाबू जगजीवनराम यांच्या नावाचे चर्मोद्योग महामंडळ यांच्याशी करार झाला. महाराष्ट्र-कर्नाटकात सुमारे २,००० जोड तयार होतील आणि एकेक जोड सुमारे ८०० युरोंना विकला जाईल, असे जाहीर झाले. कोल्हापुरी चपलेला २०१९पासून भौगोलिक मानांकन आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातील चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातील चार जिल्हे त्यात येतात.

त्या ओरडीत मी एक गोष्ट लक्ष देऊन ऐकली. 'आमची कोल्हापुरी', 'आमची संस्कृती', 'महाराष्ट्राचा वारसा' असे शब्द सगळीकडून येत होते. चपलेची चोरी झाली तेव्हा ती सर्वांची झाली. चप्पल शिवणारा मात्र सर्वांचा झाला नाही. ज्यांच्या घरात चर्मकाराला आजही अंगणापलीकडे बोलावत नाहीत, तेही चपलेच्या अपमानाने कळवळले.

त्याच सुमारास आमच्या कंपनीलाही वारसा आठवला. जाहिरात विभागातून निरोप आला: 'तुमच्या वडिलांचा फोटो हवा. हातात आरी, मागे मातीची भिंत. पिढ्यान् पिढ्यांची कला.' मी आप्पांना विचारले. ते म्हणाले, 'फोटूला काय, काढा. पर माझ्या पोरानं ह्या जातीच्या धंद्यात पडू नये म्हणून मी शाळंत घातला, हे बी खाली लिवतील का?' मी ते वाक्य जसेच्या तसे कळविले. सोबत लिहिले की फोटोचे मानधन कारागिराला मिळावे, कातडे कोणी कमावले त्यांचाही उल्लेख व्हावा आणि खालच्या मजल्यावरील सर्व बायांचा भविष्यनिर्वाह निधी नियमित भरला जावा. फोटोचा विचार मागे पडला. निधीचा प्रश्न अजून चालू आहे.

वारसा या शब्दाची फोड करून पाहावी. वारशात आप्पांना काय मिळाले? कसब मिळाले आणि कलंक मिळाला. भांडवल मिळाले नाही, बाजार मिळाला नाही, हे काम नको म्हणण्याचा अधिकार मिळाला नाही. वरच्या मजल्याला त्यातले फक्त कसब हवे आहे, तेही फोटोपुरते. कला टिकली पाहिजे असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला माझा प्रश्न आहे: कोणाच्या मुलांनी ती टिकवायची? तुमच्या मुलांनीही कातड्याला हात लावावा, ढोरगल्लीत बसून शिकावे. तो दिवस आला तर ती खरोखर कला होईल. तोवर ती जात आहे.

आता त्या विद्यार्थ्याला उत्तर. मित्रा, शिक्षणाने धंदा बदलला नाही, हे खरे. पण आप्पांनी हे काम केले कारण त्यांना दुसरे काही करू दिले नसते. मी ते सोडू शकतो. माझ्या मुलीला हवामानशास्त्र शिकायचे आहे. ती फर्म्यांकडे ढुंकूनही पाहत नाही आणि आप्पा त्यावर खूश आहेत. बाबासाहेबांच्या हाकेचा अर्थ मी असा लावतो की काम आपण निवडावे, जन्माने ते आपल्याला निवडू नये. आणि निवडले, तर त्याचे ज्ञान, त्याची मालकी, त्याचा नफा आणि त्यातली हवा यांवर हक्क सांगावा. आपल्या कार्यकर्त्यांनी मजूर-अड्ड्यांइतकेच या शिवणविभागांतही जावे. टेबलावर कोणते रसायन आहे त्याचे नाव विचारावे, डब्यावरची चिठ्ठी वाचावी, कंत्राटदार किती आणि प्रत्येकाकडे माणसे किती ते मोजावे. शिक्षकांनी कातडे कमावण्याचे रसायनशास्त्र वर्गात शिकवावे आणि ते कोणी शोधले, कोणी हजारो वर्षे हातांनी केले, हेही सांगावे.

आप्पा आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. डोळे कमी झाले आहेत. मी घरी गेलो की ते माझा बूट मागून घेतात, नख लावून पाहतात आणि कातडे पाठीचे की पोटाचे ते सांगतात. अजून एकदाही चुकलेले नाहीत. कंपनीत नव्या तंत्रज्ञांच्या वर्गात मी हीच नखाची परीक्षा शिकवितो, आणि ती कुठे शिकलो ते पहिल्याच तासाला सांगतो.